जादाचा व्होल्ट : प्रोसेसरचे व्होल्टेज उतरवण्याचा इतिहास आणि बीडचा उन्हाळा

१/
२०१३ च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र पूर्णपणे थांबले. ११३० मेगावॅट क्षमतेचे पाचही संच बंद झाले. जनित्रांत बिघाड नव्हता. दुष्काळामुळे पाणी संपले होते आणि पाण्यावाचून टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ थंड करता येत नव्हती. २०१५ मध्ये पुन्हा तेच घडले. यंत्र धडधाकट असूनही केवळ उष्णता टाकायला जागा उरली नाही, म्हणून ते थांबवावे लागले.

२/
हाच नियम टेबलावरच्या संगणकालाही लागू आहे. प्रोसेसर किती वेगाने चालेल, हे बहुतेक वेळा त्याच्या बुद्धीवर ठरत नाही. तो उष्णता किती लवकर बाहेर टाकू शकतो, यावर ठरते. कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. नेमून दिलेल्या व्होल्टेजपेक्षा कमी व्होल्टेजवर तो चालवणे म्हणजे अंडरव्होल्टिंग. एकात बैलाला अधिक पळवायचे, दुसऱ्यात त्याची वैरण कमी करायची. वरकरणी दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. तरीही आज घरच्या संगणकाचा वेग वाढवू पाहणारा जाणकार आधी व्होल्टेज उतरवतो. हे उलटे तर्कशास्त्र कसे जन्माला आले, त्यात सुरक्षित काय आणि धोक्याचे काय, आणि मराठवाड्याच्या उन्हाचा त्याच्याशी संबंध काय, त्याचा हा थ्रेड.

३/
महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास उष्णतेपासूनच सुरू होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात जो संगणक उभा राहिला, तो टिफ्रॅक. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळीतील तार लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. म्हणजे तेथे उष्णता ही कामाची पूर्वअट होती. ट्रान्झिस्टरने हे नाते मोडले. त्याला तापण्याची गरज नाही. तो जी उष्णता सोडतो ती निव्वळ वाया गेलेली वीज असते. येथून पुढे संगणकशास्त्राचा एक मोठा हिस्सा ही नासाडी कमी करण्याचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील सर्वात प्रभावी हत्यार एकच: व्होल्टेज.

४/
कारण समजायला सोपे आहे. प्रोसेसरच्या आत कोट्यवधी सूक्ष्म साठवण-पात्रे सतत भरतात आणि रिकामी होतात. एका भरण्या-रिकामण्यात किती ऊर्जा जाते, हे व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट केला तर या कामाची उष्णता दुप्पट होते. व्होल्टेज दुप्पट केले तर चौपट. उलट दिशेने हाच हिशेब फायद्याचा ठरतो. १.३० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर त्याच वेगाने १.२० व्होल्टवर चालला, तर व्होल्टेज उतरले जेमतेम ८ टक्के, पण ही उष्णता सुमारे १५ टक्क्यांनी घटते. वर्गाच्या या नियमातच अंडरव्होल्टिंगचे सारे आकर्षण आहे.

५/
तरीही उद्योगाने अनेक वर्षे व्होल्टेजला हात लावला नाही. १९६० च्या दशकात रूढ झालेल्या तर्कपरिपथांनी ५ व्होल्ट हे प्रमाण ठरवले आणि ८०८६ पासून ४८६ पर्यंतचे प्रोसेसर प्रामुख्याने त्याच दाबावर चालले. ही सवय मोडावी लागली ती पेंटियममुळे. १९९३ च्या मार्चमध्ये आलेल्या या प्रोसेसरच्या निर्मितीत अग्रभागी असलेले विनोद धाम हे १९५० साली पुण्यात जन्मले, दिल्लीत शिकले आणि पुढे ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ओळखले गेले. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाला.

पहिला पेंटियम ५ व्होल्टचाच होता. ३१ लाख ट्रान्झिस्टर, ६६ मेगाहर्ट्झ वेग आणि सुमारे १५-१६ वॅट उष्णता. आज हा आकडा किरकोळ वाटतो. त्या काळी पंख्याविना चालणाऱ्या ४८६ ची सवय असलेल्यांना ती शेगडीच वाटली. वर्षभरात, १९९४ च्या मार्चमध्ये, पेंटियमची पुढची आवृत्ती ३.३ व्होल्टवर आली. वेग १०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि उष्णता मात्र घटली. वेग वाढवायचा तर व्होल्टेज उतरवा, हा धडा घरगुती संगणकाच्या बाजारात इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच गिरवला गेला.

६/
या धड्यामागचे गणित आधीच मांडले गेले होते. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर ज्या प्रमाणात लहान कराल त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवा. मग तो अधिक वेगाने चालेल आणि तेवढ्याच क्षेत्रफळात उष्णता पूर्वीइतकीच राहील. पुढची तीस वर्षे उद्योग या नियमाच्या खांद्यावर बसून चालला. ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, १९९७ च्या पेंटियम एमएमएक्समध्ये गाभ्याला २.८ व्होल्ट, १९९८ मध्ये २ व्होल्ट. पिढी बदलली की दाब उतरे आणि वेग चढे.

७/
पण कारखाना छापून देतो तो आकडा नेमका काय असतो? येथे बीड जिल्ह्याचीच एक गोष्ट उपयोगी पडते.

२०२० च्या खरिपात पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ अमलात आला. त्याचा गाभा असा: नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर ती विमा कंपनीने सोसायची, त्यापुढचा भार राज्य शासनाने उचलायचा. उलट भरपाई फारच कमी द्यावी लागली, तर कंपनीने २० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम शासनाला परत करायची. सर्वात वाईट हंगामाच्या भीतीने सगळ्यांकडून घेतलेला हप्ता, चांगल्या हंगामात सगळाच कंपनीच्या खिशात का जावा, हा त्यामागचा रोकडा प्रश्न होता.

प्रोसेसरचे छापील व्होल्टेज हा असाच एक हप्ता आहे. एकाच चकतीवर घडलेले दोन प्रोसेसर कधीही सारखे नसतात. एकाला विशिष्ट वेगासाठी १.१५ व्होल्ट पुरतात, शेजारच्याला १.२५ लागतात. प्रत्येकाची कसून परीक्षा घेणे महाग पडते. शिवाय संगणक कोठे जाईल, त्याचा पंखा धुळीने भरेल का, पाच वर्षांनी ट्रान्झिस्टर किती मंदावतील, अचानक भार आल्यावर व्होल्टेज क्षणभर किती खचेल, हे कारखान्याला ठाऊक नसते. म्हणून अभियंते या साऱ्या शक्यतांची बेरीज करून वर थोडे जादा व्होल्टेज ठेवतात. हा जादाचा अंश म्हणजे सुरक्षा-अंतर. हप्ता सगळेच प्रोसेसर उष्णतेच्या रूपाने भरतात. त्याची खरी गरज मात्र थोड्यांनाच, आणि तीही कधीतरीच पडते. अंडरव्होल्टिंग म्हणजे या हप्त्यातला न लागणारा भाग परत मागणे. तो कोणी मागावा आणि किती मागावा, यावरून पुढची पंचवीस वर्षे तीन पक्षांत ओढाताण झाली: हौशी मंडळी, कारखानदार आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, चोर.

८/
पहिला दावा हौशींचा. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आणला. तो ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जाई, पण त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो बहुधा ४५० वर चालत असे, अनेकदा छापील २ व्होल्टवरच. त्यासाठी लोकांनी प्रोसेसरच्या एका संपर्कबिंदूवर चिकटपट्टी लावली. दोन वर्षांनी एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनच्या पृष्ठभागावरील तुटक रेघा साध्या शिसपेन्सिलीने जोडून त्यांचे कुलूप उघडण्याची युक्ती जगभर पसरली. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट वीज वाहून नेते, एवढाच काय तो चमत्कार. त्या काळी व्होल्टेज बदलले जाई ते बहुतेक वाढवण्यासाठीच. चालत नाही तर अजून थोडे द्या, असा सगळा मामला होता. त्यात काही प्रोसेसर अकाली गेले, कारण जादा दाब आणि जादा उष्णता मिळून आतील धातूच्या तारा हळूहळू झिजवतात.

९/
याच सुमारास बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराईसारख्या ठिकाणी संगणक पोहोचू लागला होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावी शटरच्या गाळ्यांत संगणकांच्या रांगा बसवल्या. पण ‘व्होल्टेज’ या शब्दाचा तेथील अर्थ वेगळा होता. तो भिंतीतल्या विजेचा होता. कृषिपंपांची वीज आली की दिवे मंद होत, डीपी जळाली की गाव अंधारात जाई आणि पुढे भारनियमनाचे तास आले. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंतचा चढउतार मान्य केला होता. २३० व्होल्टसाठी तो २१६ ते २४४ होतो. खेड्यातला काटा ही मर्यादा सहज ओलांडत असे. म्हणून संगणकाच्या आधी स्टॅबिलायझर आणि यूपीएस यांची खरेदी होई.

येथे एक गल्लत दूर करावी लागते, कारण ती आजही सर्रास होते. भिंतीतले व्होल्टेज उतरणे आणि प्रोसेसरचे व्होल्टेज उतरवणे यांचा थेट संबंध नाही. संगणकाचा पॉवर सप्लाय २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो. मदरबोर्डवरील नियामक त्या १२ व्होल्टचे १ ते १.४ व्होल्ट करून गाभ्याला देतो, आणि ते मिलिव्होल्टच्या हिशेबाने सांभाळतो. चांगला पॉवर सप्लाय भिंतीतली पडझड बरीचशी गिळून टाकतो. तो निकृष्ट असेल, तर मात्र भारनियमनानंतर वीज परतल्याचा धक्का आतपर्यंत पोहोचतो आणि प्रोसेसरचे व्होल्टेज आधीच काठावर आणलेले असेल तर संगणक कोसळतो. म्हणून व्होल्टेज उतरवण्यापूर्वी पॉवर सप्लायची लायकी पाहणे हा शहाणपणा बीडमध्ये पुण्यापेक्षा अधिक लागू पडतो.

१०/
कारखानदारांचा दावा २००० साली पुढे आला. त्या जानेवारीत इंटेलने लॅपटॉपसाठी स्पीडस्टेप आणले: विजेवर असताना १.६ व्होल्ट आणि पूर्ण वेग, बॅटरीवर असताना १.३५ व्होल्ट आणि कमी वेग. त्याच महिन्यात ट्रान्समेटा या कंपनीने क्रूसो हा प्रोसेसर जाहीर केला. तो गरजेप्रमाणे वेग आणि व्होल्टेज दोन्ही क्षणोक्षणी बदलत असे. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘रेझर’ नावाची अधिक धाडसी कल्पना मांडली. चूक होईपर्यंत व्होल्टेज उतरवत न्या. प्रोसेसरने स्वतःच चूक ओळखावी, ती दुरुस्त करावी आणि मग व्होल्टेज किंचित वर घ्यावे. सुरक्षा-अंतर आधी अंदाजाने ठरवण्याऐवजी चालता चालता मोजायचे, असा तो विचार होता. बाजारातल्या घरगुती प्रोसेसरांत तो जसाच्या तसा उतरला नाही, पण आज अंडरव्होल्टिंग करणारा माणूस हाताने जे करतो ते नेमके हेच आहे. फरक इतकाच, की चूक ओळखण्याची जबाबदारी त्याची असते.

११/
मग डेनार्डचा रथ रुतला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की ते ‘बंद’ असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज आणखी उतरवले तर हा झिरपा आवरेना. व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास अडकले. २००४ च्या फेब्रुवारीत आलेल्या नव्या पेंटियम ४ ने ही अडचण चव्हाट्यावर आणली; त्याच्या वरच्या आवृत्त्यांची उष्णता ११५ वॅटपर्यंत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. एका गाभ्याचा वेग वाढवत नेण्याचे युग संपले आणि अनेक गाभ्यांचे युग सुरू झाले.

१२/
२००८ मध्ये इंटेलच्या टर्बो बूस्टने या गोष्टीला वेगळेच वळण दिले, आणि उलट्या तर्कशास्त्राचे मूळ येथेच आहे. तोवर प्रोसेसर ठरीव वेगाने चाले. आता तो तापमान, वीज आणि प्रवाह यांच्या मर्यादा पाहून स्वतःच वेग चढवू लागला आणि मर्यादा आली की उतरवू लागला. म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचे काम कारखान्यानेच अंगावर घेतले. माणसाच्या हाती उरले ते मर्यादेपर्यंतचे अंतर वाढवणे. व्होल्टेज उतरवले की त्याच वेगाला वीज कमी लागते, तापमान खाली येते, मर्यादा लांब जाते आणि प्रोसेसर आपण होऊन अधिक वेगाने, अधिक वेळ चालतो. वैरण कमी केली म्हणून बैल पळतो असे नव्हे. त्याच्या पाठीवरचे निष्कारण ओझे उतरले म्हणून तो पळतो.

१३/
तिसरा दावेदार २०१९ साली दिसला. त्या वर्षीच्या १० डिसेंबरला बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ हा हल्ला जाहीर केला. संगणकावर पूर्ण ताबा मिळवलेल्या माणसालाही उघडता येऊ नये, अशी एक बंद तिजोरी इंटेलने प्रोसेसरमध्ये ठेवली होती. संशोधकांनी सॉफ्टवेअरच्या आज्ञेने व्होल्टेज नेमक्या क्षणी, नेमके इतके उतरवले, की प्रोसेसर बंद पडला नाही, पण त्याचा गुणाकार चुकला. त्या चुकलेल्या गुणाकारातून तिजोरीतील गुप्त किल्ल्या काढता आल्या.

इंटेलने त्यावर व्होल्टेज बदलण्याची वाटच बंद करता येईल असे अद्यतन दिले, आणि असंख्य लॅपटॉपधारकांची अंडरव्होल्टिंगची सोय एका रात्रीत गेली. चोर पकडण्यासाठी गावाचा रस्ताच उखडल्याची तक्रार तेव्हा झाली. ती अगदीच चूक नव्हती. घरच्या संगणकावर त्या तिजोरीचा उपयोग फार थोडे लोक करत. पण प्लंडरव्होल्टने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली, जी हौशी मंडळी सोयीस्करपणे विसरत होती: व्होल्टेज कमी पडले की संगणक नेहमी कोसळतोच असे नाही. तो शांतपणे चुकीचे उत्तरही देतो.

१४/
चुकीच्या उत्तराची किंमत काय असते, हे धामांच्या पेंटियमनेच आधी दाखवले होते. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना अविभाज्य संख्यांवर काम करताना पेंटियमचा भागाकार काही ठिकाणी चुकतो असे आढळले. तेथे दोष व्होल्टेजचा नव्हता, रचनेतील एका तक्त्याचा होता. इंटेलला प्रोसेसर बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा सोसावा लागला. संगणक बंद पडला असता तर दोष पहिल्याच दिवशी कळला असता. तो सुरळीत चालत होता, म्हणून महिनोन्‌महिने कळला नाही.

१५/
२०२० नंतरचा इतिहास समेटाचा आहे. एएमडीने त्या वर्षी रायझन ५००० मालिकेसाठी ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ दिला. त्यात एकच व्होल्टेज सर्वांवर लादण्याऐवजी प्रत्येक गाभ्याचा वेग आणि व्होल्टेज यांचा आलेख स्वतंत्रपणे खाली सरकवता येतो. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, आणि उणे ३० पर्यंत. चिकटपट्टी आणि शिसपेन्सिलीचे काम आता कंपनीने दिलेल्या खिडकीतून होऊ लागले, अर्थात वॉरंटीच्या अटी त्यात अडसर ठरू शकतात हे ध्यानात ठेवूनच.

आणि २०२४ मध्ये उलट बाजू दिसली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. तपासात प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याचे निष्पन्न झाले. त्यामुळे आतील परिपथ झिजत होते आणि एकेकाळी पुरेसे असलेले व्होल्टेज त्यांना अपुरे पडू लागले होते. ऑगस्टमध्ये इंटेलने ही मागणी १.५५ व्होल्टपाशी रोखणारे अद्यतन दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हप्ता जास्त भरला की विमा अधिक पक्का, ही समजूत त्या वर्षी मोडली. वेग आणि व्होल्टेज काबूत ठेवण्याची तेव्हाची इंटेलची शिफारसही अंडरव्होल्टिंग करणाऱ्यांच्या जुन्या म्हणण्याच्या बरीच जवळ जाणारी होती.

१६/
मग सुरक्षितपणे उतरवायचे कसे? इतिहासातून निघणारी रीत साधी, पण चिकाटीची आहे.

जपायचे ते माहितीला. व्होल्टेज उतरवल्याने प्रोसेसर जळत नाही; जळतो तो वाढवल्याने. उतरवण्याचा धोका चुकीच्या उत्तराचा आणि बिघडलेल्या फायलींचा. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि तीही सुरुवातीलाच. नंतर बायोस अद्ययावत करायचे आणि मूळ मांडणीवर तापमान, वेग व गुण नोंदवून ठेवायचे, नाहीतर सुधारणा झाली की नाही हेच कळत नाही. वेग आणि व्होल्टेज एकाच वेळी बदलू नयेत. चूक कोणामुळे झाली हे मग सापडत नाही. ठरीव व्होल्टेज कोंबण्याऐवजी मूळ आलेखातून काही मिलिव्होल्ट वजा करण्याचा मार्ग बरा, कारण हलक्या कामात प्रोसेसर मग स्वतःच आणखी खाली उतरू शकतो. एका वेळी १० ते २५ मिलिव्होल्ट, रायझनमध्ये पाच-पाच पायऱ्या, आणि दर टप्प्याला परीक्षा.

परीक्षेतच बहुतेकांची घाई होते. १९९६ पासून प्रचंड अविभाज्य संख्या शोधणाऱ्या जागतिक उपक्रमाचे प्राइम९५ हे सॉफ्टवेअर ताण-परीक्षेसाठी प्रसिद्ध झाले, ते एका गुणामुळे: ते आपली उत्तरे ताडून पाहते. नुसता संगणक चालू राहिला म्हणजे तो पास झाला, असे ते मानत नाही. पण जड परीक्षा तासभर पार केलेला संगणक दुसऱ्या दिवशी नुसता रिकामा बसलेला असताना कोसळल्याची उदाहरणे पुष्कळ. जड कामात वेग उतरलेला असतो. हलक्या कामात एखादाच गाभा सर्वोच्च वेगावर जातो आणि तेथे व्होल्टेज अपुरे पडते. म्हणून परीक्षा जड भाराची, एकेका गाभ्याची आणि रिकामेपणाचीही घ्यावी लागते, आणि विंडोजच्या नोंदवहीत हार्डवेअर-दोषाच्या नोंदी उमटल्या का तेही पाहावे लागते. अशी एकही नोंद दिसली तरी व्होल्टेज परत वर न्यायचे. शिवाय दाखवलेला वेग तोच राहूनही गुण घसरत असतील, तर प्रोसेसर व्होल्टेजची ओढाताण सोसण्यासाठी गुपचूप मंदावतो आहे असे समजावे. शेवटी सापडलेल्या काठावरून दोन पायऱ्या मागे येऊन थांबायचे. सगळा हप्ता परत मागायचा नसतो. बीड पॅटर्ननेही २० टक्के कंपनीकडे ठेवलेच होते.

१७/
राहिला उन्हाचा प्रश्न, आणि बीडसाठी तोच निर्णायक आहे. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्याच्या उष्णतेने चढलेले अंश. समजा एक कूलर प्रत्येक वॅटमागे अर्धा अंश चढू देतो आणि प्रोसेसर १२० वॅट सोडतो. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत तो ८५ वर राहील. मेच्या दुपारी, पत्र्याखालच्या गाळ्यात ४२ अंश असताना, हिशेब १०२ होतो. म्हणजे बहुतेक प्रोसेसर त्याआधीच वेग उतरवतील. व्होल्टेज उतरवून २५ वॅट वाचवले, तर साडेबारा अंश परत मिळतात आणि तो ९० च्या खाली येतो. खरिपाच्या पीकविम्याची मुदत जवळ आली असताना अर्जांच्या रांगा लागलेल्या सेवा केंद्रात हा फरक कागदी राहत नाही.

परंतु येथेच सापळाही आहे. कारखान्याने ज्या ‘सर्वात वाईट परिस्थिती’साठी जादा व्होल्टेज ठेवले, ती परिस्थिती म्हणजे उकाडा, धूळ, अडलेला पंखा आणि अस्थिर वीज. युरोपातील खोलीत ती कल्पनेतच राहते. बीडमध्ये ती दरवर्षी मार्च ते जूनच्या दरम्यान हजर होते. सर्वोच्च वेगावर, तापलेला प्रोसेसर तेच काम करायला अधिक व्होल्टेज मागतो. डिसेंबरच्या थंड रात्री उणे ३० वर निर्दोष चाललेला संगणक मेमध्ये चुकू शकतो, आणि चुकला तर तो सांगेलच असे नाही. म्हणजे तिकडच्या कोणी यशस्वी म्हणून छापलेला आकडा इकडे जसाच्या तसा उचलणे हे दुसऱ्याच्या शेताच्या पर्जन्यमानावर आपली पेरणी करण्यासारखे आहे. उलट प्रोसेसर रिकामा असताना व्होल्टेज फार खाली उतरलेले असते, आणि तेथे काही परिपथ थंडीतच अधिक मंदावतात. म्हणून हिवाळ्यातही एकदा खात्री करावी लागते.

१८/
त्यामुळे बीडच्या संगणकासाठी परीक्षेचा खरा महिना मे. दुपारी दोन वाजता, खिडकी उघडी, कूलरवरची धूळ पुसून, नेहमीचे दार जेवढे उघडे असते तेवढेच ठेवून. त्या दुपारी जे व्होल्टेज पुरले ते बायोसमध्ये लिहायचे आणि त्यावर दोन पायऱ्या ठेवायच्या. पावसाळ्यात तापमान उतरले म्हणून पुन्हा खाली जाण्याचा मोह होईल. तेव्हा मिळणारे चार-पाच वॅट पुढच्या उन्हाळ्यात परत द्यावे लागतात. वर्षातून एकदा, पंखा साफ केल्यावर, हीच परीक्षा पुन्हा घ्यायची, कारण ट्रान्झिस्टर म्हातारे होतात आणि तीन वर्षांपूर्वी पुरलेले व्होल्टेज आज दहा मिलिव्होल्टनी कमी पडू शकते.